डोळ्याच्या लेझरचा क्लेम 'ओपीडी' म्हणून नाकारला. पुढे काय करावं?

मंदार_चिंचवड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ६८, मधुमेह जुना. नेहमीच्या तपासणीत डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) रक्तस्रावाचे ठिपके दिसले म्हणून रेटिनावाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही डोळ्यांना लेझर सांगितलं (पीआरपी म्हणतात त्याला). एका डोळ्याची पहिली बैठक झाली, बाकीच्या व्हायच्या आहेत.

दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवर फॉर्मच घेतला नाही. "सर, हे ओपीडीत येतं." मी पैसे भरले आणि रीइम्बर्समेंटला कागद टाकले. टीपीएचं (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) उत्तर आलं: २४ तास दाखल नाही, डे-केअरच्या यादीत नाही, सबब दावा अमान्य.

पॉलिसीला पाच वर्षं होऊन गेली आहेत. मधुमेह पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहिला होता. लेझर मुळात विम्यात बसतं की नाही? कुणी लढून मिळवलंय का?

वरणभात

लेझर नाहीच बसत. माझ्या वहिनीचं चष्मा घालवायचं लेझर होतं, सरळ नाही म्हणाले.

सौ_तिखट

वरणभात, चष्मा घालवणं आणि आंधळेपण टाळणं एकच का? मंदार, बाबांना काळजी घ्यायला सांगा. बाकी जाणकार येतीलच.

आजोबा_शनिवारपेठ

आलो. सरकारी विमा कंपनीत उभी हयात गेली, त्यातली बरीचशी क्लेम विभागात. थोडं विस्ताराने लिहितो, घाई असलेल्यांनी पुढे जावं.

'लेझर' हा शब्द पाहून कुठलीही कंपनी हो किंवा नाही म्हणत नाही, म्हणू नये. कंपनी तीन गोष्टी बघते. आजार कोणता, तो वगळलेला किंवा प्रतीक्षा काळातला (पॉलिसीच्या सुरुवातीचा, ज्यात काही आजारांचे पैसे मिळत नाहीत) आहे का, आणि उपचार दाखल करून झाला, डे-केअरमध्ये झाला की बाह्यरुग्ण विभागात. हत्यार सुरी होतं की किरण, हा प्रश्न शेवटी येतो, आणि तोही बिलाची रक्कम कापताना.

चष्म्याचं लेझर वगळलेलं आहे ते दृष्टिदोष म्हणून. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ साली वगळण्याची कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात पंधरावं कलम असं की ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर असेल तर दृष्टिदोषाच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. म्हणजे ७.५ किंवा त्याहून जास्त असेल तर या कलमाखाली नाकारता येत नाही. वरणभात, वहिनींचा नंबर किती होता?

मंदारच्या वडिलांचा प्रश्न वेगळा. आजार मान्य, मधुमेह आधी सांगितलेला, प्रतीक्षा काळ संपलेला. अडलंय ते फक्त 'ओपीडी' या शब्दावर. डे-केअरची व्याख्या काढून वाचा: तंत्रज्ञान सुधारल्यामुळे जो उपचार २४ तासांच्या आत होतो, नाहीतर ज्याला २४ तासांपेक्षा जास्त दाखल व्हावं लागलं असतं, आणि जो भूल देऊन, मग ती पूर्ण असो वा स्थानिक, रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात केला जातो. त्याला जोडूनच एक वाक्य असतं की जे सहसा ओपीडीत केलं जातं ते यात धरणार नाही. सगळी मारामारी या शेवटच्या वाक्यावर असते.

पॉलिसीची पूर्ण प्रत काढा. चार पानी शेड्यूल नव्हे, ते चाळीस-पन्नास पानी पुस्तक. त्यात डे-केअरची यादी छापलेली आहे की 'सर्व डे-केअर प्रक्रिया' असं लिहिलंय, ते इथे सांगा.

वरणभात

वहिनीचा नंबर ३ होता काका. मागे घेतो.

कुंदा_मिरज

आमच्याकडे उलट गंमत. लेकीचा उजवा डोळा उणे ८, डावा उणे साडेसहा. लेझर दोन्हींचं केलं. कंपनीने उजव्याचे पैसे दिले, डाव्याचे नाही! कलमाप्रमाणे बरोबरच आहे म्हणा. नंबर ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या कागदावर होता म्हणून निभावलं. नंतर मोजला तर शून्यच येणार.

अवांतर_सम्राट

म्हणजे आता डाव्या डोळ्याने पॉलिसी वाचायची नाही, त्याचं कव्हर नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काहून एवढा ताप घेता भाऊ? आमच्या इकडं एका मामानं मस्त सांगतलं होतं, दवाखान्यातच एक रात्र झोपून घ्यायचं. २४ तास झाले, क्लेम पास. डॉक्टरले फक्त सांगून द्यायचं.

काचबिंदू

ठेचा, हे कृपा करून कुणी करू नका. मी नेत्रतज्ज्ञ आहे (गावाचं नाव नको). असे कागद बनवून मागणारे आठवड्याला येतात. गरज नसताना दाखल करून घेणं ही फसवणूक आहे. सापडलं तर तो क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. ६८व्या वर्षी मधुमेह असताना नवी पॉलिसी कोण देणार?

मंदार, वैद्यकीय बाजू सांगतो. पीआरपीमध्ये पडद्याच्या कडेच्या भागावर लेझरचे शेकडो छोटे डाग देतात. मधुमेहामुळे त्या भागाला रक्त कमी पोचतं, तो प्राणवायूसाठी ओरडत राहतो आणि त्यातून नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटून रक्त डोळ्यात उतरतं. कडेचा भाग लेझरने शांत केला की मधली नजर वाचते. लक्षात घ्या, लेझरने नजर वाढत नाही, आहे ती टिकते. ही पद्धत १९७० च्या दशकापासून सिद्ध झालेली आहे, त्यामुळे 'अप्रमाणित उपचार' हे कारण कुणी पुढे करू शकत नाही.

आणि क्लेमच्या निकालासाठी पुढच्या बैठका लांबवू नका. पैसे उशिरा आले तर चालतं. रक्तस्राव तुमच्या टीपीएच्या ईमेलची वाट बघत नाही.

आता विम्याबद्दल प्रामाणिक मत: बहुतेक ठिकाणी हे लेझर थेंब टाकून बाह्यरुग्ण विभागातच होतं. तासाभरात पेशंट घरी. तेव्हा कंपनीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. काही पेशंटना दुखतं, मग डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन बधिर करावं लागतं. तसं झालं असेल तर प्रोसिजर नोटमध्ये लिहून घ्या. झालं असेल तरच.

आजोबा_शनिवारपेठ

डॉक्टरसाहेबांशी निम्मा सहमत. 'सहसा ओपीडीत होतं' हे आज खरं आहे, कारण यंत्रं सुधारली. मग 'तंत्रज्ञान सुधारल्यामुळे' या शब्दांचा उपयोग काय?

डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचंच बघा. हाच मधुमेह, हाच पडदा. वर्षानुवर्षं कंपन्या 'ओपीडी' म्हणून नाकारत होत्या, विमा लोकपालांकडे ढिगाने तक्रारी. मग २०१९ मध्ये नियामकाने बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि हे वगळायचे नाहीत असं सांगितलं. त्यात डोळ्यातली इंजेक्शनं आली. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडाने घ्यायची केमोथेरपी, मेंदूचं डीप ब्रेन स्टिम्युलेशन आलं. आणि लेझरचं म्हणाल तर प्रोस्टेटचं ग्रीन लेझर आणि होल्मियम लेझर नाव घेऊन आलं. रेटिनाचं लेझर मात्र त्या यादीत नाही, कारण ते आधुनिक राहिलेलंच नाही! जुनं म्हणून यादीत नाही आणि सोपं म्हणून दाखल नाही. मधल्या मधे पेशंट अडकला.

तृप्ती_नाशिकरोड

आजोबा, प्रोस्टेटवरून लिहिते. सासऱ्यांचं होल्मियम लेझरने झालं (होलेप). कॅशलेस मिळालं, पण डिस्चार्जच्या वेळी कळलं की आमच्या पॉलिसीत आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. विमा तीन लाखांचा, बिल दोनच्या पुढे. वरचे आम्ही भरले. डेस्कवरच्या माणसाने आधी 'पूर्ण कव्हर आहे' असं तोंडी सांगितलं होतं.

आजोबा_शनिवारपेठ

तृप्तीताई, आरोग्य संजीवनी असेल. त्यात ती मर्यादा आहेच, शिवाय प्रत्येक क्लेमला ५ टक्के आपल्या खिशातून. मोतीबिंदूला एका डोळ्याचे ४०,००० किंवा विमा रकमेच्या २५ टक्के, यात जे कमी असेल ते. २०२० मध्ये आली ती योजना, स्वस्त आहे, पण या ओळी कुणी वाचत नाही.

मालवणी_मासो

मोतीबिंदूचा विषय निघालो म्हणान विचारतंय. आमच्या आयेचो मोतीबिंदू 'लेझरान' काढलो म्हणान दवाखान्यान जास्ती पैशे लावले आणि कंपनीन कापले. ह्यां काय प्रकरण आसा?

काचबिंदू

मासोभाऊ, गावोगावी 'लेझरने मोतीबिंदू' असे बोर्ड असतात. त्यातलं बहुतेक फेको असतं, आणि फेको म्हणजे अल्ट्रासाउंड. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात, त्यात लेझरचा संबंध नाही. खरं लेझर वापरणारी फेम्टोसेकंद पद्धत वेगळी. त्यात छेद आणि पहिला तुकडा लेझर करतं, खर्च बराच वाढतो. निकाल मात्र चांगल्या हाताने केलेल्या फेकोच्या फार पुढे जात नाही, निदान साध्या मोतीबिंदूत तरी. म्हणून कंपन्या नेहमीच्या पद्धतीएवढेच पैसे देतात. बिलावर नक्की काय लिहिलंय ते बघा.

मोतीबिंदूनंतर काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर भिंगामागच्या पातळ आवरणाला (रेटिनाला नव्हे) याग लेझरने खिडकी पाडतात. पाच मिनिटांचं काम. हे नक्की लेझर, आणि ते जवळजवळ नेहमी ओपीडी म्हणून नाकारलं जातं.

सौ_तिखट

आणि ऑपरेशननंतरचा खर्च मिळतो तो साधारण ६० दिवसांपर्यंतचा. धूसर व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. विमा कंपनीने भिंगाशी संगनमत केलंय असं माझं मत आहे.

डोंबिवली_फास्ट_नाही

अवांतर होईल पण सांगतो. लोकलच्या डब्यात 'मूळव्याध, भगंदर, लेझर, टाका नाही, त्याच दिवशी घरी, १०० टक्के कॅशलेस' अशी पत्रकं बघून एका मध्यस्थ कंपनीला फोन केला (नाव लिहीत नाही). गाडी घरी आली, दवाखाना त्यांनीच ठरवला. बिल दीड लाख! विमा कंपनी म्हणाली या भागात एवढ्या शस्त्रक्रियेचा 'वाजवी आणि प्रचलित' दर याच्या निम्मा आहे, तेवढेच देऊ. पत्रकावरचे १०० टक्के कुठे गेले विचारलं तर म्हणाले, कॅशलेस म्हणजे 'मंजूर रकमेपुरतं' कॅशलेस.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर तीस वर्षांपासून मूळव्याधीचीच जाहिरात हाय. पैले जडीबुटी लिवलं होतं, आता त्याच भिंतीवर लेझर. रंग फक्त नवा मारला.

अवांतर_सम्राट

मूळव्याधीवरून बारामतीला जाऊ या का?

सर्जन ज्याने कापतात-जाळतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर कुणी शोधला? सी. के. एन. पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये. जन्म बारामतीचा, १९३८ चा. इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीतून. तोंडातले, स्वरयंत्रातले डाग काढायला, त्वचेवरच्या कामाला त्यांचाच लेझर वापरतात. बारामतीचं लक्ष नाही असं क्षेत्र राज्यात नाहीच.

सौ_तिखट

सम्राट, हे मात्र माहीत नव्हतं. बारामतीचं माहेर असून!

श्वेता_ठाणे

मला वेगळा अनुभव द्यायचा आहे, लेझरचाच. माझं बाळ सातव्या महिन्यात झालं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना डोळे तपासले तर आरओपी निघाली, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार. एक-दोन दिवसांत लेझर करा म्हणाले, नाहीतर नजर जाईल. तेव्हा विम्याचा विचार कोण करतंय. नंतर कळलं की माझ्या स्वतःच्या पॉलिसीत नवजात बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मात्र पहिल्या दिवसापासून होतं. बाळाचं नाव कळवण्याची मुदत होती ती आम्ही नशिबाने पाळली. एनआयसीयूत दाखल असतानाच लेझर झाल्यामुळे ओपीडीचा वाद आला नाही, सगळं मिळालं.

बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर ही तपासणी विचारून करून घ्या. ज्यांना विमा नाही त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, त्याच्या आजारांच्या यादीत आरओपी आहे.

लेक आता शाळेत जाते. पहिल्या बाकावर बसते, पण बसते.

काचबिंदू

श्वेताताई, फार चांगलं केलंत लिहिलंत.

बेएरिया_बंड्या

इकडे अमेरिकेत चष्म्याचं लेझर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) देत नाही, बहुतेक खासगी विमेही देत नाहीत. पण पगारातून कर न लागता बाजूला ठेवलेल्या एफएसए-एचएसएच्या पैशातून करता येतं. मेडिकेअर याग लेझरला पैसे देतं, नजर अडत असल्याची नोंद हवी. दाखल होण्याची अट नाही. तुमच्याकडे २४ तास मोजत बसतात हे ऐकून नवल वाटतं.

आजोबा_शनिवारपेठ

बंड्या, तुमच्याकडे ॲम्ब्युलन्सचं बिल पाहून आम्हाला नवल वाटतं. चालायचंच.

विहीर_काठ

गुडघ्याला फिजिओकडे लेझर घेतेय, तो हातात धरून फिरवतात तसला. त्याचं मिळेल का? बारा बैठकांचं पॅकेज घ्यायला सांगतायत.

फिजिओ_परभणी

नाही मिळणार ताई, आणि मी स्वतः फिजिओ असून सांगतो. ते कमी तीव्रतेचं लेझर, शुद्ध ओपीडी. ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट निराळी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल आणि त्यानंतरच्या ठरलेल्या दिवसांत डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली असेल तर कधी कधी बसतं. गुडघेदुखीत या लेझरचे निकाल संमिश्र आहेत. व्यायाम सोडून नुसतं लेझर घेण्यात अर्थ नाही. बारा बैठकांचे पैसे आधी भरू नका.

एक जागा अशी आहे जिथे याचा पुरावा चांगला आहे: डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या किरणोपचारात तोंड सोलवटतं, ते टाळायला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये शिफारस आहे. तिथे दाखल पेशंटच्या बिलातच ते यावं असं दवाखान्याला आवर्जून सांगा.

नागपुरी_संत्रं_सोललेलं

माझ्या पायाच्या शिरा (व्हेरिकोज) लेझरने बंद केल्या. कंपनी आधी म्हणाली 'सौंदर्यासाठी'. घोट्यापाशी जखम भरत नव्हती, काळं पडलं होतं, तरी सौंदर्य! डॉप्लरचा (शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि जखमेचे फोटो लावले. सौंदर्याच्या कलमातच अपवाद लिहिलाय की आरोग्याला थेट धोका असेल आणि उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल तर ते लागू नाही. ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवून पाठवली. मिळाले. दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ मात्र संपलेला हवा, व्हेरिकोज त्या यादीत असतं. मूळव्याध, मुतखडा, प्रोस्टेट, मोतीबिंदूही असतात.

मंदार_चिंचवड

सगळ्यांचे आभार, विशेषतः आजोबा आणि डॉक्टर. पुस्तक मिळालं, कंपनीच्या ॲपमध्ये कुठे तरी तळाशी होतं. दोन गोष्टी सापडल्या:

१. माझ्या पॉलिसीत 'सर्व डे-केअर प्रक्रिया' असं आहे. बंदिस्त यादी नाही. टीपीएने कुठल्या तरी जुन्याच यादीवरून नाकारलंय.

२. त्यांनी पत्रासोबत जी यादी जोडली आहे त्यात 'रेटिनल टेअरसाठी लेझर फोटोकोअग्युलेशन' आहे! म्हणजे पडदा फाटला तर देणार, रक्तस्राव होऊ नये म्हणून केलं तर नाही?

बाबांची दुसरी बैठक झाली. त्यांना पहिल्या वेळी फार दुखलं होतं म्हणून या वेळी इंजेक्शन देऊन केली. नोटमध्ये डॉक्टरांनी तसं लिहिलंय, मी काही सांगितलं नव्हतं.

आजोबा_शनिवारपेठ

उत्तम. आता क्रम असा.

टीपीएशी पत्रव्यवहार थांबवा, तो मध्यस्थ आहे. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. पत्र एका पानाचं. त्यात तीनच मुद्दे: पॉलिसीत बंदिस्त यादी नाही. तुमच्याच यादीत त्याच पडद्यावरचं, त्याच यंत्राने होणारं लेझर डे-केअर धरलंय. आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र की उपचार टाळला असता तर रक्तस्राव होऊन दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली असती. शेवटी विचारा की हा दावा नाकारण्याआधी तुमच्या दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी घेतली होती का. २०२४ च्या परिपत्रकानंतर त्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. हा प्रश्न वाचून माणसं खुर्चीत सरळ बसतात.

महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. तुम्हाला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नको, चालतही नाही. नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तुम्हाला ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं.

पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीचे क्लेम वेगवेगळे लावा. पहिला फक्त थेंबांवर झालाय, तो दुबळा आहे. दोन्ही एकत्र बांधले तर दुबळा दुसऱ्यालाही घेऊन बुडेल.

काचबिंदू

प्रमाणपत्राबद्दल: डॉक्टरांना मजकूर लिहून नेऊ नका. आजाराची पायरी, डोळ्याच्या अँजिओग्राफीचा किंवा ओसीटीचा (पडद्याच्या स्कॅनचा) निष्कर्ष आणि उपचार न केल्यास संभाव्य परिणाम, एवढं ते स्वतःच्या शब्दांत लिहितील. तेवढं पुरतं.

कुंदा_मिरज

लोकपालांकडे मिळतं का खरंच? की नुसतं मनाचं समाधान?

आजोबा_शनिवारपेठ

मिळतं, नेहमी नाही. माझ्या अंदाजाने मंदारला दुसऱ्या बैठकीचे मिळावेत, पहिलीचे कठीण. इथे कुणी पैज लावायला हरकत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

एक किलो संत्र्याची. त्या सोललेल्या भाऊकडून घेऊ.

नागपुरी_संत्रं_सोललेलं

भाऊ नव्हे, ताई.

तृप्ती_नाशिकरोड

मंदार, अजून एक. शिधापत्रिका असेल तर महात्मा फुले योजनेची चौकशी करा. आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ठरलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, कुठली प्रक्रिया पॅकेजमध्ये आहे ते तोच सांगेल. बाबा ७० चे झाले की आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, उत्पन्नाची अट नाही. पुढे इंजेक्शनं लागली तर खर्च वाढतो.

मंदार_चिंचवड

दुसऱ्या डोळ्याची तारीख पडलीय. पत्र कालच गेलं, पोचही आली. काही कळलं की लिहितो.

गोड_बातमी_९०

नमस्कार, नवीन सदस्य आहे. सासूबाईंना याग लेझर सांगितलंय, विम्यात बसेल का?

सौ_तिखट

धागा वरून वाचा. आणि पॉलिसी शेवटून.